हँडल वर करायचं

आमच्या मोटारीचं डाव्या बाजूचं पुढचं दार उघडायला हँडल वर करावं लागायचं. बाकीच्या सगळ्या मोटारींचं खाली दाबतात. सातारा ते सांगली भाडं मारता मारता मी दिवसातून कितीदा तरी उतारूंना सांगायचो, "वर करा पावणं, वर." निम्मे उतारू ऐकायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा खालीच दाबायचे. हाताला एकदा खोड लागली की कान काही कामाचे राहत नाहीत.

ते हँडल माझ्या धाकट्या भावानं बसवलेलं. लढाईच्या वर्षांत तो फौजेच्या मोटारखात्यात होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला. परत आला तेव्हा आईनं मोठ्या आशेनं त्याची ट्रंक उघडली. आत दोन खाकी सदरे, एक घोंगडी आणि एक पितळी हँडल. कुठल्याशा मोडून पडलेल्या ट्रकचं. आई म्हणाली, "माणसं लुगडं आणत्यात, ह्यानं कडी आणली." पण त्याचं बरोबर होतं. आमच्या गाडीचं त्या बाजूचं हँडल लढाईतच तुटलं होतं, सुटे भाग मिळत नव्हते, आणि ते दार मी सुतळीनं बांधून गाडी चालवत होतो. हे मी त्याला पत्रात एकदाच कळवलं होतं. त्यानं ते ध्यानात ठेवलं.

ट्रकच्या उजव्या दाराचं हँडल आमच्या डाव्या दाराला लावलं, म्हणून ते उलटं फिरायचं. मी म्हणालो, "आरं, उलटं बसवलंस की." तो म्हणाला, "उलटं न्हाई दादा. चोराला उघडायचं न्हाई." मग दोघंही हसलो. चोरून न्यावी अशी ती गाडी नव्हतीच. बाहेरून रंग उडालेला, पेट्रोल मिळेना म्हणून मागं कोळशाच्या गॅसची टाकी लटकवल्यामुळं पाठीला बाक आलेला. लढाई संपल्यावर टाकी काढली, पण बाक राहिला.

आईनं मात्र ते दार पहिल्याच दमात उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हात घातला, वर उचललं आणि आत बसली. आमच्या घराच्या दाराची कडीही वरच उचलायची होती, तिच्या हाताला तेच ठाऊक. भावाला याचं इतकं कौतुक की कुणी वकील नाही तर व्यापारी दाराशी झटापट करायला लागला की तो म्हणायचा, "आमच्या आईला शिकवायला लावू का?"

आता विम्याचं सांगतो. विमा उतरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा कायदा लागू झाला. तो दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. मी तेवढाच उतरवणार होतो. भाऊ ऐकेना. म्हणाला, "उतरवायचा तर पुरा उतरव. दुसऱ्याची गाडी नीट हुणार आन् आपली खड्ड्यात, आसं कसं?" फौजेत राहून आल्यामुळं त्याला कागदाची भीती नव्हती. मला होती. जिवंत गाडीच्या मयताची तजवीज आधीच कशाला करायची, असं मला वाटायचं. पण त्याच्या तोंडाला लागणं मला कधी जमलं नाही. पुरा उतरवला.

अपघात इस्लामपूरच्या अलीकडं झाला. सकाळची वेळ, सांगलीहून आम्ही दोघं रिकामेच परत येत होतो, भाऊ माझ्या डावीकडं. समोरून एक मालट्रक रस्त्याच्या मधूनच आला. मी गाडी डावीकडं घेतली. डावीकडं चिंच होती. ट्रक थांबला नाही, पुढंही कधी सापडला नाही. शेतातून माणसं पळत आली. त्यांनी डावं दार धरलं आणि हँडल खाली दाबू लागली. मी आतून सांगितलं, "वर करा. वर." माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, उतारूला सांगतो तसा. त्यांनी वर केलं आणि दार उघडलं. पुढचा सगळा पत्रा दबला होता, काच राहिली नव्हती, पण दार नीट उघडलं. भावानं बसवलेली वस्तू चोख होती, असं माझ्या मनात आलं. दुसरं काहीच आलं नाही. कराडच्या दवाखान्यात पोचायच्या आधी तो गेला. त्याचं लग्न व्हायचं होतं.

त्यानंतरचे दिवस मी सोप्यात घोंगडीवर बसून काढले. डोकं भादरलेलं, मांडीवर पंचा. मला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. लोक समाचाराला येत होते. आमच्याकडं समाचाराला आलेल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. तो दोन शब्द बोलायला आलेला असतो. ते त्यानं बोलावेत, घरच्यानं मान डोलवावी, म्हणजे त्याला उठता येतं. मान डोलवल्याशिवाय माणूस उठत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून मी सगळ्यांना मान डोलवली. देवाची मर्जी, असं एक जण म्हणाला, मी मान डोलवली. दुसरा म्हणाला, हे मोटारवाले लय जोरात हाकतात, त्याचं हे फळ. त्यालाही डोलवली. चुलत्यानं सांगितलं, गाडी विकून टाक आणि दावणीला म्हैस बांध. मी डोलवली आणि चुलता समाधानानं उठला.

आमचे मिस्त्रीही आले. साताऱ्यातच त्यांची शेड होती. माझ्या गाडीचा एक एक स्क्रू त्यांच्या हाताखालून गेलेला. भाऊ रिकामा असला की दिवस दिवस त्यांच्याकडं जाऊन बसायचा. नमाज आटोपून ते आले, टोपी हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "गाडी माज्याकडंच येऊ द्या. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका." मी मान डोलवली.

त्यानंतर, दहावा व्हायच्या आत, विमा कंपनीचा माणूस आला. पांढरी विजार, बगलेत पिशवी. बूट दाराबाहेर काढून, घोंगडीच्या कडेला रीतसर बसला. आधी वाईट वाटल्याचं बोलला. मग म्हणाला, "गाडी तपासून झाली. पोलिसांनी सोडली आहे. रस्त्याकडेला पडून राहणं बरं नाही. आमच्या कंपनीचं सांगलीला एका कारखान्याशी ठरलेलं आहे, तिथं नेऊन सगळं नवं करून घेतो. तुम्हाला काही बघावं लागणार नाही. चालेल ना?"

मी मान डोलवली. तो उठला.

तेरावा झाला. सुतक फिटलं. आठवड्याभरानं एका सकाळी आई चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "गाडी कुठं हाय?"

मी सांगितलं, सांगलीला.

"मिस्त्रीकडं का न्हाई?"

मग ती लाकूड आत सारत म्हणाली, "गाडीचं काय करायचं ते कर. त्यानं लावलेली कडी तेवढी घरी आण."

तिनं त्या सगळ्या दिवसांत मागितलेली ही एकच गोष्ट. ना जेवण मागितलं, ना पाणी. मी चप्पल घातली आणि निघालो. निघालो म्हणजे पाय चालत होते.

आधी मिस्त्रींच्या शेडवर गेलो. त्यांनी गाडीसाठी मधली जागा मोकळी करून ठेवली होती. दुसऱ्यांच्या गाड्या उन्हात आणि आमच्या गाडीची जागा सावलीत रिकामी. मला बघून ते म्हणाले, "माजं काम पसंत न्हवतं तर तसं सांगायचं. मान कशाला डोलवलीत?" मी खाली बसलो आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागात होते ते होतेच, पण पोऱ्याला चहा आणायला पाठवलं आणि म्हणाले, "आदी वकिलाला इचारा. पळत सुटू नका."

वकील माझे नेहमीचे उतारू होते. कज्ज्यांसाठी सांगलीला जायचे, आणि ते दार त्यांना कधीच उघडलं नव्हतं. विम्याचा कागद त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला, डोळ्यांपासून चार बोटांवर धरून.

"यात कुठं लिहिलंय, त्यांच्याच कारखान्यात न्यायची म्हणून?" ते म्हणाले. "गाडी तुझी आहे. दुरुस्ती कुणाकडं करायची ते तू ठरवायचंस. कंपनीनं माणूस पाठवून नुकसान बघावं, खर्चाचा अंदाज तपासावा, जास्त वाटला तर तसं सांगावं. तेवढाच त्यांचा हक्क. मिस्त्री कोण, हा तुझा."

"आन् जुना माल, साहेब? काढलेला?"

"नवा भाग दिला की जुना त्यांचा. तो ते मोडीत घालतात. पण मुळात बदलायचा की ठोकून सरळ करायचा, हे तुला विचारायला हवं होतं. आणि नीट ऐक. काम पसंत पडल्याशिवाय पसंत आहे म्हणून सही करायची नाही. ती सही केलीस की मग मी नाही, ब्रह्मदेवही काही करू शकणार नाही."

मी मान डोलवली. ते म्हणाले, "मान नको डोलवूस. तोंडानं बोल." हे त्यांनी सहज म्हटलं होतं. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं.

सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेलो. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच उतारू म्हणून बसलो. चिंच आली तेव्हा मी बघितली. सालपट निघालं होतं, बाकी झाड जसंच्या तसं. एक बाई तिच्याखाली बसून पाटीतल्या शेंगा विकत होती. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं.

कारखाना मोठा होता. फरशी धुतलेली, माणसं एकसारख्या निळ्या कपड्यांत. आमची गाडी पुढंच उभी होती. मी आधी ओळखलीच नाही. पाठीचा बाक काढला होता. रंग काळा चकचकीत, इतका की त्यात मला माझं भादरलेलं डोकं दिसलं. डावं दार नवं होतं. त्याला निकेलचं हँडल होतं. मी हात लावला आणि वर उचललं. ते हललं नाही. मग खाली दाबलं. दार उघडलं.

कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. म्हणाला, "बघा, आहे की नाही? आधी होती त्याहून चांगली. इथं सही करा, गाडी मिळाली आणि काम पसंत आहे म्हणून."

"जुनं दार कुठं हाय?"

"ते गेलं मोडीत. नवं दिलंय ना तुम्हाला."

"मला इचारलं न्हाई."

"विचारलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. तो काही लबाड माणूस नव्हता. "तुमच्या घरी, तुमच्या घोंगडीवर बसून विचारलं. तुम्ही मान डोलवलीत."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. त्या सगळ्या महिन्यात मला आलेला तो पहिला राग. आल्याबरोबर बरं वाटलं, थंडीत बधिर झालेल्या बोटाला मुंग्या याव्यात तसं.

मी म्हणालो, "माज्या घरात सुतक हुतं. त्या दिवसांत मी समद्यांना मान डोलवली. चुलता म्हणला गाडी इक आन् म्हैस घे, त्याला डोलवली. बांधली का मी म्हैस? मिस्त्री म्हणलं गाडी माज्याकडं आण, त्यास्नी तुमच्या आदी डोलवली. मग गाडी त्यांच्याकडं का न्हाई गेली? तुमच्या घरी कुणी जात न्हाई का? तुमी काय करता तवा? सोप्यात बसून करार करता?"

निळ्या कपड्यातली माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. कंपनीचा माणूस खाली बघत म्हणाला, "गेल्या सालीच वडील वारले माझे." मग म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या डोक्याला ताप नको. सगळीकडं असंच करतो आम्ही."

त्यानं सगळीकडं असंच केलं असणार. घरात माणूस गेलेलं आणि दारात मोडकी गाडी, अशा घरी नाही म्हणायला कोण बसलंय? मी त्याला म्हणालो, सही करत नाही. आधी गाडी चालवून बघणार.

तो माझ्या शेजारी बसला, भावाच्या जागेवर. मी गाडी मिरजेच्या रस्त्याला घातली. विश्रामबागेपर्यंत जायच्या आतच कळलं. हातातलं चक्र जरा सैल सोडलं की गाडी डावीकडं ओढत होती. रंग झाला होता, निकेल झालं होतं, पुढचा आस मात्र कुणी बघितलाच नव्हता. मी हात सोडले. गाडी हळूहळू कडेच्या झाडांकडं निघाली. त्यानं दार धरलं. मी चक्र वळवलं आणि म्हणालो, "डावीकडं जातीय. डावीकडं काय असतं ते मला ठावं हाय."

परत आल्यावर त्यानं स्वतःच कागद घडी करून पिशवीत घातला. म्हणाला, "न्या तुमच्या मिस्त्रींकडं. अंदाज पाठवा. मी मंजूर करून घेतो." आणि दिलेला शब्द त्यानं पाळला. थोडी वकिलांची पत्रंही कामाला आली, पण शब्द त्याचाच. मग कुणी न विचारता म्हणाला, "मोडवाला गणपतीपेठेच्या मागं आहे. चला, मी येतो."

सांगली तेव्हा संस्थान होतं. राजा वेगळा, कचेऱ्या वेगळ्या. मोडवाला मात्र जगात सगळीकडं सारखा, चहा पीत बसलेला. त्याच्या वाड्यात पत्र्यांचे ढीग होते. दार सापडलं. आमचंच, रंग उडालेलं, आतल्या बाजूला भावानं खिळ्यानं कोरलेला बैल. हँडलच्या जागी दोन भोकं होती.

"पितळ येगळं काढतो आमी," मोडवाला म्हणाला. "ते तांबटाकडं गेलं परवाच. आटलं आसंल."

तांबटाकडंही गेलो. त्यानं मुशीकडं बोट दाखवलं. बाजूला नव्या तांब्यांची रांग लावली होती. कंपनीच्या माणसानं मला विचारलं, "एखादा घ्यायचा का?" त्याला दुसरं काय सुचणार? मी नको म्हणालो. तोंडानं.

दार मी मोडवाल्याकडंच ठेवलं. बैल कोरलेला पत्रा कापून घ्यावा असं तेव्हा सुचलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी, चहा पिता पिता, सुचलं.

गाडी मी साताऱ्याला आणली, चक्र उजवीकडं ताणून धरत. मिस्त्रींनी सावलीतल्या रिकाम्या जागेत घेतली. आस सरळ केला, पुढचं सगळं पुन्हा उघडून बसवलं. नव्या दाराकडं त्यांनी नुसतं बघितलं. काम संपल्यावर मी गाडी चालवून बघितली आणि मगच सही केली. माझा हक्क होता तो मला मिळाला. वकील पुढं दर खेपेला इतर उतारूंना ही गोष्ट सांगायचे, जिंकलेल्या कज्ज्यासारखी. मी ऐकून घ्यायचो. खोटं काही नव्हतं त्यात.

गाडी दारात उभी केली त्या सकाळी आई भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली. गाडीवरून ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं. कडीचं तिला मी आल्या दिवशीच सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली होती. आता ती डाव्या बाजूला आली. मला म्हणाली, "देवाला जाऊन येऊ." आणि तिनं हँडलला हात घातला आणि वर उचललं.

ते हललं नाही. तिनं पुन्हा उचललं.

मी आतूनच म्हणालो, "खाली कर, आई. खाली."

माझ्या तोंडून ते निघालं आणि मला रडू फुटलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. चक्रावर डोकं टेकून मी रडलो, रस्त्यानं येणारे-जाणारे बघत होते तरी. आई काचेशी उभी होती. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "कळलं." आणि हँडल पुन्हा वर उचललं.

ती पुढं बरीच वर्षं जगली. पहिल्या दमात उलटं दार उघडणारी बाई, पण ते सरळ दार तिला कधी उघडता आलं नाही. दर वेळी मी उतरायचो, पुढून वळसा घालून यायचो आणि उघडून द्यायचो. तोवर ती हँडल वर धरून उभी असायची.